टक्का आणि ताबा

13 मे 2015 ची बातमी आहे. घरं शोधून देणाऱ्या हाउसिंग डॉट कॉम या वेबसाइटचा सव्वीस वर्षांचा सीईओ राहुल यादव याने आपल्या नावावरचे सगळे शेअर कंपनीतल्या 2,251 जणांना वाटून टाकले. किंमत दीडशे ते दोनशे कोटींच्या घरात असल्याचं छापून आलं. पैशाचा एवढा विचार करायचं आपलं वय नाही, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. त्याच्या दोनच आठवडे आधी त्याने बोर्डाला खरमरीत राजीनामा पाठवला होता, आणि माफी मागून तो मागेही घेतला होता. 1 जुलैला बोर्डाने त्याला काढलं. पद तर गेलंच, शिवाय यापुढे कंपनीशी कुठल्याही नात्याने संबंध राहणार नाही, असं जाहीर करून काढलं. मुंबईत तेव्हा या विषयावर ज्याचं-त्याचं मत होतं. सगळ्यात जास्त ऐकू येणारं मत असं, की शेअर सोडले म्हणून खुर्ची गेली. हातात काही असतं तर बोर्डाची हिंमत झाली नसती. हे वाक्य तेव्हाही खटकलं होतं, अजूनही खटकतं. कारण त्याच्याकडे जे होतं ते पाच टक्क्यांच्या आत होतं. ते वाटलं नसतं, तरी 1 जुलैला जे झालं ते तसंच झालं असतं. फार तर घरी जाताना तो श्रीमंत असता.

आयआयटी पवईच्या बारा पोरांनी 2012 मध्ये उभी केलेली कंपनी तीन वर्षांत अशी हातची कशी जाते, याचं उत्तर त्या जुलै महिन्यात शोधून सापडत नाही. ते आधीच्या राउंडच्या, म्हणजे इन्व्हेस्टरांकडून पैसे घेतानाच्या, कागदांत असतं. गंमत अशी की त्या कागदांवर सह्या होतात तो दिवस सगळ्यात आनंदाचा असतो. बँकेत पैसे आलेले असतात, पेढे आलेले असतात, लिंक्डइनवर अभिनंदनाचा पाऊस पडत असतो. ऐंशी-नव्वद पानांच्या शेअरहोल्डर्स अ‍ॅग्रीमेंटच्या शेवटच्या मसुद्यात वकिलाने रात्री दोन वाजता काय बदललं, हे त्या दिवशी कोण बघतो?

फाउंडरचं आपल्या कंपनीशी एकच नातं आहे, असं त्याला स्वतःला वाटत असतं. प्रत्यक्षात तीन असतात. तो भागधारक असतो, संचालक असतो आणि पगार घेणारा नोकरही असतो. रोजच्या धावपळीत ही तिन्ही एकमेकांत मिसळून गेलेली असतात. कायदा मात्र ती वेगवेगळी ओळखतो आणि प्रत्येकाचा बाहेरचा दरवाजा वेगळा आहे. नोकरी बोर्डाच्या ठरावाने जाते. संचालकपद कंपनी कायदा 2013 च्या कलम 169 प्रमाणे साध्या ठरावाने, म्हणजे पडलेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त मतांनी जातं; त्यासाठी विशेष नोटीस द्यावी लागते आणि ज्याला काढायचं त्याला सभेत बोलू द्यावं लागतं, एवढंच. शेअर मात्र सहजासहजी कुणी काढून घेऊ शकत नाही, जोवर फाउंडरने स्वतःच कुठेतरी तसं लिहून दिलेलं नाही. बहुतेकांनी दिलेलं असतं.

आधी आकडे बघू, कारण सगळे तिथेच अडकतात. दोघांनी मिळून कंपनी काढली. प्रत्येकी 5,000 शेअर, दर्शनी किंमत 10 रुपये, भरणा भांडवल एक लाख. पहिला इन्व्हेस्टर म्हणतो, कंपनीची आजची किंमत 8 कोटी धरतो आणि 2 कोटी घालतो. म्हणजे त्याचे 20 टक्के, फाउंडरांचे 80. मित्रांच्या ग्रुपवर बातमी जाते ती एवढीच. टर्म शीटमध्ये, म्हणजे सौद्याच्या मुख्य अटींच्या कागदात, पुढची एक ओळ असते: राउंडनंतर 10 टक्क्यांचा ईसॉप पूल, म्हणजे कर्मचाऱ्यांना पुढे शेअर घ्यायचे ऑप्शन देण्यासाठी राखलेला हिस्सा, असावा आणि तो प्री-मनीत, म्हणजे नवे पैसे येण्याआधीच्या किमतीत, धरावा. आता हिशेब बदलला. फाउंडरांचे 10,000 शेअर हे एकूण शेअरच्या 70 टक्के व्हायला हवेत, म्हणजे एकूण शेअर 14,286. त्यातले 2,857 इन्व्हेस्टरचे आणि 1,429 पूलचे. 2 कोटींना 2,857 ने भागा, शेअरचा भाव 7,000 रुपये पडतो. पूल नसता तर तोच भाव 8,000 असता. व्हॅल्युएशन पेपरात 8 कोटी, पदरात 7 कोटी. म्हणून या टप्प्यावर व्हॅल्युएशन वाढवून घेण्यासाठी घसा कोरडा करण्यापेक्षा पुढच्या अठरा महिन्यांत नक्की कोणकोणत्या जागा भरायच्या त्याची यादी समोर ठेवावी, आणि पूल 6 टक्क्यांत कसा भागतो ते दाखवावं. 6 टक्क्यांना भाव 7,400 होतो. हे मागणं इन्व्हेस्टरलाही नाकारायला जड जातं, कारण त्यात अहंकार नसतो, नावं आणि पगार असतात.

पुढे दर राउंडला नव्या पैशाचे 20 टक्के आणि पूल पुन्हा 10 टक्क्यांवर भरून घ्यायचा, असं धरलं तर सिरीज ए, म्हणजे पुढच्या राउंडनंतर दोघांचे मिळून 54.4 टक्के राहतात आणि सिरीज बी, म्हणजे त्याच्याही पुढच्या राउंडनंतर 42.3. वापरल्या न गेलेल्या ऑप्शनला मत नसतं, त्यामुळे प्रत्यक्ष मतदानात हे 42.3 म्हणजे 47 होतात. म्हणजे साधा ठराव आता फक्त फाउंडरांच्या जोरावर होत नाही. विशेष ठराव मात्र अजून अडवता येतो, कारण त्याला विरोधी मतांच्या तिप्पट मतं लागतात आणि 25 टक्क्यांच्या वर जो आहे तो नाही म्हणू शकतो. हे 47 दोघांचे मिळून आहेत, ही गोष्ट मात्र दोघांचं पटेनासं होईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. पटलं नाही की प्रत्येकाकडे साडेतेवीस उरतात, आणि साडेतेवीसने काहीच अडत नाही.

पण टक्क्यांची ही घसरण फाउंडरला दिसत असते. एक्सेल उघडलं की ती समोर येते. बोर्डाची घसरण एक्सेलमध्ये दिसत नाही.

पहिल्या राउंडनंतर बोर्डावर दोन फाउंडर आणि एक इन्व्हेस्टर. सिरीज ए ला दुसरा इन्व्हेस्टर येतो. कधी खुर्ची घेतो, कधी आधीच्याला मत नसलेला निरीक्षक करून त्याची खुर्ची घेतो. सिरीज बी ला पाच जणांचं बोर्ड होतं: दोन फाउंडर, दोन इन्व्हेस्टर आणि एक स्वतंत्र संचालक, दोन्ही बाजूंच्या संमतीने नेमायचा. संमती दोन्ही बाजूंची असली तरी नाव बहुधा इन्व्हेस्टरच्या फोनमधून येतं, कारण असल्या माणसांच्या ओळखी त्याच्याकडे असतात. ही पाचवी खुर्ची म्हणजेच कंपनी. ती कितीतरी ठिकाणी महिनोन्महिने रिकामी ठेवलेली असते आणि नेमकी वादाच्या तोंडावर भरली जाते. भरायची तेव्हा फाउंडरचं लक्ष दुसरीकडे असतं. दोन फाउंडरांपैकी एक बाहेर पडला तर त्याच्या खुर्चीचं काय, हे ज्या करारात लिहिलेलं नाही तिथे हिशेब चार-एकवर जायला वेळ लागत नाही. शिवाय गणपूर्ती. कायद्याला एक-तृतीयांश किंवा दोन, जे जास्त असेल तेवढे संचालक पुरतात. करारात मात्र लिहिलेलं असतं की इन्व्हेस्टरचा संचालक हजर नसेल तर बैठक भरली असं मानायचं नाही. वाजवी आहे. मग तीच ओळ फाउंडर संचालकासाठीही असावी, एवढं मागायचं राहून जातं.

त्याच कराराच्या मागच्या पानांवर एक परिशिष्ट असतं, रिझर्व्ह्ड मॅटर्सचं. वर्षाचं बजेट, ठरावीक रकमेवरचं कर्ज, अमुक पगारावरची नेमणूक, नवीन शेअर, आर्टिकल्समधला, म्हणजे कंपनीच्या नियमावलीतला बदल, ब्रँडची विक्री, कंपनी विकणं किंवा बंद करणं, यातलं काहीही इन्व्हेस्टरच्या लेखी होकाराशिवाय करायचं नाही. इथे टक्क्यांचा संबंधच संपतो. 70 टक्के मालकी असलेला फाउंडर 20 टक्केवाल्याच्या ईमेलची वाट बघत बजेट घेऊन बसतो. यादीतल्या मोठ्या गोष्टींना कुणी हरकत घेऊ नये. ज्याने पैसे घातले त्याला कंपनी परस्पर विकली जाणार नाही याची खात्री हवीच. त्रास होतो तो छोट्या आकड्यांचा. पहिल्या राउंडला 10 लाखांवरच्या खर्चाला परवानगी, असं लिहिलं जातं, आणि तीन वर्षांनी महिन्याचा सर्व्हरचा खर्चच तेवढा झालेला असतो. आकडा रुपयांत न लिहिता मंजूर बजेटच्या टक्केवारीत लिहिला, तर हा छळ वाचतो.

आपल्याकडे परदेशी पैसा सहसा सीसीपीएसच्या रूपात येतो, म्हणजे सक्तीने समभागात बदलणारे अग्रहक्क शेअर, कारण परकीय चलनाच्या कायद्याच्या, म्हणजे फेमाच्या नियमांत परत फेडता येणारे अग्रहक्क शेअर गुंतवणूक म्हणून चालत नाहीत, कर्ज ठरतात. या शेअरचा वर्ग वेगळा, म्हणून त्यांचे हक्क बदलायचे तर कलम 48 प्रमाणे त्या वर्गाच्या तीन-चतुर्थांशांची संमती वेगळी लागते. अँटी-डायल्यूशनचं, म्हणजे पुढे भाव पडला तर इन्व्हेस्टरची भरपाई करणारं कलमही याच शेअरला चिकटलेलं असतं. समजा 1,000 रुपयांना शेअर घेतला आणि पुढचा राउंड 500 वर आला. फुल रॅचेट असेल तर एका सीसीपीएसचे दोन समभाग होतात आणि घसरणीचा सगळा भार फाउंडर आणि कर्मचाऱ्यांवर पडतो. भारित सरासरीची पद्धत असेल तर तो बराच हलका होतो. तेजीत हे कलम कुणी वाचत नाही.

आणखी एक गोष्ट नेहमी निसटते. करार वेगळा, आर्टिकल्स वेगळे. व्ही. बी. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की खासगी कंपनीत शेअरच्या हस्तांतरणावरचं बंधन आर्टिकल्समध्ये नसेल तर ते कंपनीला बांधत नाही, भागधारकांनी आपसात काहीही लिहून घेतलेलं असो. तेव्हापासून इन्व्हेस्टरांचे वकील अख्खा करार आर्टिकल्समध्ये उतरवून घेतात. फाउंडरच्या बाजूची दोन-तीन कलमं उतरवायची राहिली, हे नंतर कळतं. आर्टिकल्स हा सार्वजनिक कागद आहे. कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरले की कुणीही कुठल्याही कंपनीचे बघू शकतो. पॉडकास्टवर ताठ मानेने बोलणाऱ्या एखाद्या फाउंडरच्या कंपनीचे आर्टिकल्स अशा तऱ्हेने वाचून बघावेत. त्याला कोणकोणत्या गोष्टींची परवानगी मागावी लागते ते पाहून माणूस जरा गप्प होतो.

शेअर काढून घेण्याचा रस्ता व्हेस्टिंगमधून जातो. शेअर पहिल्या दिवसापासून फाउंडरच्याच नावावर असतात, पण ते चार वर्षांत थोडे थोडे करून कमवायचे, पहिलं वर्ष पुरं होईपर्यंत काहीच नाही. मध्येच गेला तर न कमावलेले शेअर कंपनीने किंवा तिने सांगितलेल्या माणसाने दर्शनी किमतीला घ्यायचे. 7,000 चा शेअर 10 रुपयांना. यात गैर काही नाही; दोन फाउंडरांतला एक सहा महिन्यांत परदेशी शिकायला निघून गेला आणि अर्धी कंपनी घेऊन गेला, हे मागे राहणाऱ्याच्या दृष्टीने भयंकर असतं. प्रश्न बॅड लीव्हरच्या, म्हणजे स्वतःच्या दोषाने बाहेर पडलेल्याच्या, व्याख्येचा आहे. फसवणूक, गुन्हा, दुसरीकडे धंदा, हे ठीक. पण त्या यादीत कुठेतरी ‘करारातील कोणत्याही अटीचा भंग’ किंवा ‘बोर्डाच्या मते असमाधानकारक कामगिरी’ असतं, आणि त्याला लागून कमावलेले शेअरही परत द्यायची अट असते. बोर्ड कुणाचं, हा प्रश्न इथे पुन्हा येतो. आरोप करणारा आणि निवाडा देणारा एकच असू नये, म्हणून गैरवर्तन ठरवायला बाहेरचा लवाद, आणि चूक सुधारायला 30 दिवसांची मुदत, एवढं तरी लिहून घ्यायला हवं. पेमेंट कंपनी भारतपेचे फाउंडर अश्नीर ग्रोव्हर यांनी 1 मार्च 2022 ला राजीनामा दिला, त्याच्या आधीच सिंगापूरच्या लवादाने त्यांना तातडीचा दिलासा नाकारला होता. आणि नंतरच्या भांडणात त्यांचे रिस्ट्रिक्टेड, म्हणजे अटींना बांधलेले शेअर परत मागणं हा एक मोठा मुद्दा होता. कोण बरोबर, हा विषय बाजूला ठेवू. भांडणाची सगळी हत्यारं जुन्या कागदांतून आली होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

मोठ्या इन्व्हेस्टरांच्या गोष्टी रंगतदार असतात म्हणून त्याच सांगितल्या जातात. प्रत्यक्षात ताबा पहिल्यांदा सुटतो तो इन्व्हेस्टर यायच्या आधी, दोन मित्रांत. 50-50 हे मैत्रीचं गणित आहे, मतभेदाचं नाही. कंपनी नोंदवताना सीए टेबल एफ, म्हणजे कायद्याला जोडलेला आर्टिकल्सचा नमुना, जसाच्या तसा लावून देतो. त्यात लिहिलंय की बोर्डात समसमान मतं पडली तर अध्यक्षाला निर्णायक मत. अध्यक्ष कोण? बोर्ड निवडेल तो. बोर्डात दोघेच, आणि दोघांचं पटत नाही. आणि हे कागदावरचं झालं. त्याखालचा थर आणखी गमतीचा आहे. संचालकाची डिजिटल सही म्हणजे एक यूएसबी टोकन. कितीतरी लहान कंपन्यांत ती टोकनं सीएच्या ऑफिसात एका ड्रॉवरमध्ये असतात, रबरबँड लावून, प्रत्येकावर कंपनीच्या नावाची चिठ्ठी आणि काहींवर चक्क पिन लिहिलेला. सोय म्हणून. संचालक आला-गेला हे सरकारला कळवायचा डीआयआर-12 फॉर्म अशाच एका टोकनने भरला जातो. डोमेन एका फाउंडरच्या खासगी जीमेलवर घेतलेलं, प्ले स्टोअरचं खातं दुसऱ्याच्या नावावर, बँकेत ओटीपी जातो तो नंबर तिसऱ्याच कुणाचा तरी, बहुधा पहिल्या अकाउंटंटचा. भांडण पेटलं की पहिल्या रात्री लोक एसएचए, म्हणजे तो ऐंशी-नव्वद पानांचा करार, उघडत नाहीत, पासवर्ड बदलतात.

शेअर नसतानाही ताबा असतो, हे महाराष्ट्राला कुणी शिकवायला नको. सहकारी साखर कारखान्यात शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. तरी कुठल्या कारखान्याचं अध्यक्षपद कुठल्या घरात किती दशकं आहे ते गावातलं शेंबडं पोर सांगतं. ऊस कुणाचा आधी तुटतो, हे ज्याच्या हातात त्याच्याकडे मतं येतात. स्टार्टअपमध्ये ही जागा कर्मचाऱ्यांची असते. 17 नोव्हेंबर 2023 ला चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या बोर्डाने सीईओ सॅम ऑल्टमनला काढलं. त्याच्याकडे कंपनीचा शेअर नव्हता, बोर्डात बहुमत नव्हतं. साधारण 770 कर्मचाऱ्यांपैकी सातशेहून अधिक जणांनी आपणही जाऊ, असं लिहून दिलं आणि आठवड्याच्या आत तो परत आला. उलट 2017 च्या जूनमध्ये उबरचा फाउंडर ट्रॅव्हिस कॅलनिककडे जास्त मतांचे शेअर होते, बोर्डावर तीन माणसं नेमायचा हक्कही होता. पाच मोठ्या इन्व्हेस्टरांचं पत्र आलं आणि तो सीईओपदावरून गेला. कंपनीला आणखी पैसा लागणार होता, आणि त्याला परत आणा म्हणून हजारभर कर्मचाऱ्यांनी केलेल्या सह्या त्यापुढे पुरल्या नाहीत. नेमायच्या जागांपैकी दोन त्याने सप्टेंबरमध्ये भरल्या, खुर्ची गेल्यावर.

ऑनलाइन शिकवणीवाल्या बायजूजची गोष्ट याच्याही पुढची. जून 2023 मध्ये तिथल्या तीन इन्व्हेस्टर संचालकांनी राजीनामे दिले, ऑडिटर डेलॉइटही बाहेर पडलं. बोर्डावर उरले बायजू रवींद्रन, पत्नी दिव्या गोकुलनाथ आणि भाऊ रिजू. एखाद्या फाउंडरला स्वप्नात दिसावं असं बोर्ड. भागधारकांनी 23 फेब्रुवारी 2024 ला असाधारण सभा घेऊन त्यांना काढायच्या बाजूने मत दिलं, पण त्या निकालाची अंमलबजावणी कर्नाटक उच्च न्यायालयाने आधीच थांबवून ठेवली होती. तिथवर ताबा टिकला. मग 16 जुलैला कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली ती जर्सीवरच्या नावापोटी बीसीसीआयच्या थकलेल्या 158 कोटींसाठी. नादारी संहितेत अर्ज दाखल करून घेतला की बोर्डाचे अधिकार त्याच क्षणी स्थगित होतात आणि न्यायाधिकरणाने नेमलेला माणूस कारभार हाती घेतो. त्यासाठी थकबाकी किमान एक कोटीची असली तरी पुरते. कंपनीने अमेरिकेत 120 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं, आणि ज्यांनी ते दिलं त्यांच्यासमोर बोर्डावर कुणाचे किती जण, याला अर्थ नव्हता. बीसीसीआयशी झालेला समझोताही त्यांनी आव्हान दिल्यावर ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. फाउंडर इन्व्हेस्टरवर नजर ठेवून बसतात. ज्यांचं देणं थकलंय त्यांचा रस्ता मागच्या अंगणातून येतो.

हे सगळं वाचताना मन कुणाच्या बाजूने जावं, हे ठरत नाही. आपण बहुधा फाउंडरच्या बाजूने असतो, कारण त्याने रात्री जागवलेल्या असतात. पण ऑफिसच्या जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कच्या अ‍ॅडम न्यूमनने 2019 मध्ये आयपीओच्या कागदांत स्वतःच्या एका शेअरला वीस मतं लिहून घेतली होती, आणि ते वाचून बाजाराने तोंड फिरवलं. वीसची दहा केली, तरी सप्टेंबरअखेर त्याला जावंच लागलं. बोर्डाने वेळीच अडवलं असतं तर तिथल्या पुष्कळ लोकांच्या नोकऱ्या वाचल्या असत्या, असं वाटतं. हार्वर्डच्या नोम वासरमन यांनी 212 अमेरिकी कंपन्या पाहून 2008 मध्ये लिहिलं, की तिसऱ्या वर्षापर्यंत निम्मे फाउंडर सीईओ राहिलेले नसतात. आपण हा आकडा शोकांतिका म्हणून वाचतो. त्यातल्या काही कंपन्या त्यामुळेच जगल्या असतील.

ज्यांनी ताबा ठेवला त्यांच्याकडे बघितलं तर फार चतुर कलमं सापडत नाहीत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी भाऊ संजय यांच्याबरोबर उभी केलेली क्विक हील घ्या. 1995 पासून अँटीव्हायरसची पाकिटं विकून कंपनी चालली आणि बाहेरचा मोठा पैसा आला तो 2010 मध्ये, सिक्वॉया या गुंतवणूक फंडाचे 60 कोटी. 2016 च्या फेब्रुवारीत लिस्टिंग झालं, म्हणजे कंपनी शेअर बाजारात आली, तेव्हाही कुटुंबाकडे सत्तर टक्क्यांहून अधिक होतं. गिऱ्हाईक आधीच पैसे देत असलं की टर्म शीटवर नाही म्हणता येतं, एवढंच ते सूत्र. सॉफ्टवेअरवाली झोहो किंवा शेअर दलालीतली झिरोधा तर इन्व्हेस्टरांच्या रांगेत उभ्याच राहिल्या नाहीत. अर्थात दरवर्षी तोट्यात जाऊन बाजार काबीज करायचा धंदा असेल, तर हा मार्ग उपलब्ध नसतो, आणि तसं स्वतःशी कबूल करून टेबलावर बसलेलं बरं.

मतांचे वेगळे शेअर आपल्याकडेही चालतात. खासगी कंपनीला 2015 च्या अधिसूचनेने, आर्टिकल्समध्ये तशी तरतूद असेल तर, कलम 43 आणि 47 मधून सूट आहे, म्हणजे एका शेअरला दहा मतं ठेवता येतात. पण पैसे मागायला गेलेल्या फाउंडरला ती मिळत नाहीत. मिळतात त्याला, ज्याच्या दारात तीन इन्व्हेस्टर उभे आहेत. लिस्ट होणाऱ्या टेक कंपन्यांसाठी सेबीने 2019 मध्ये जादा मतांचे शेअर आणले, शेअरमागे दोन ते दहा मतं, पाच वर्षांची मुदत आणि एकदा पाचची वाढ. सामान्य फाउंडरने याच्यामागे लागण्यापेक्षा तीन साध्या गोष्टी लिहून घ्याव्यात. बोर्डावरची त्याची खुर्ची नोकरीशी न बांधता शेअरशी बांधलेली असावी, अमुक टक्के आहेत तोवर खुर्ची आहे, सीईओ असो वा नसो. इन्व्हेस्टरचे खास हक्क त्याचा हिस्सा पाच टक्क्यांखाली गेला की गळून पडावेत. नाहीतर पहिल्या राउंडच्या पंधरा एंजलांच्या, म्हणजे खिशातले थोडे थोडे पैसे घालणाऱ्यांच्या, सह्या गोळा करत सिरीज सी अडते. आणि ड्रॅग अलाँग, म्हणजे बहुमताने कंपनी विकायची ठरवली तर फाउंडरला आपले शेअर त्याच भावात द्यावे लागतात ते कलम, किमान पाच-सहा वर्षं आणि एका किमान किमतीच्या आत लागू होऊ नये. हे शेवटचं मिळवायला सगळ्यात अवघड, कारण इन्व्हेस्टरच्या फंडालाही मुदत असते आणि त्याच्यामागेही कुणीतरी पैसे परत मागत उभं असतं.

लिस्टिंगला हा पसारा बहुतेक साफ होतो. एसएचएतले खास हक्क संपतात, सीसीपीएसचे समभाग होतात, रिझर्व्ह्ड मॅटर्सचं परिशिष्ट रद्दीत जातं. आपल्याकडे मग नवा पेच उभा राहतो तो प्रवर्तक, म्हणजे प्रमोटर, म्हणवून घ्यायचं की नाही. प्रवर्तकाला नवे ईसॉप घेता येत नाहीत. झोमॅटो 2021 मध्ये लिस्ट झाली तेव्हा कागदावर तिला प्रवर्तकच नव्हता. पेटीएमच्या विजय शेखर शर्मांनी आयपीओआधी काही शेअर कुटुंबाच्या ट्रस्टकडे देऊन आपला हिस्सा दहा टक्क्यांखाली आणला आणि नंतर 2.1 कोटी ईसॉप घेतले. सेबीने त्यावर बोट ठेवलं आणि एप्रिल 2025 मध्ये त्यांनी ते सोडले. खासगी असताना फाउंडरला चार ओळखीच्या लोकांची मनं सांभाळायची असतात. आता अनोळखी हजारोंची. एमडीची नेमणूक एका वेळी पाच वर्षांपलीकडे होत नाही, 1 एप्रिल 2024 पासून सूचीबद्ध कंपनीतल्या जवळजवळ प्रत्येक संचालकाला दर पाच वर्षांत एकदा तरी भागधारकांपुढे यावंच लागतं, आणि कुणाला खास हक्क ठेवायचे असतील तर त्यावरही पाच वर्षांनी विशेष ठराव. चार-पाच टक्केवाला फाउंडर तेव्हा ज्यांच्याकडे मतं मागतो त्यांत म्युच्युअल फंड मोठे असतात. कुठल्या कंपनीच्या कुठल्या ठरावाला आपण हो म्हटलं आणि कुठल्याला नाही, कारणासकट, हे प्रत्येक फंडाला दर तिमाहीला आपल्या वेबसाइटवर टाकावं लागतं. तुमची एसआयपी ज्यात जाते त्या फंडाचंही ते तिथे आहे.